लुंबिनीला निघताय? आधी मावशीचं मतदान कार्ड बघा



दिवाळी सरली की आपल्या विहारांच्या फलकांवर धम्मयात्रेची पत्रकं लागतात. बोधगया, सारनाथ, कुशीनगर, श्रावस्ती, लुंबिनी. बारा दिवस, जेवण-राहण्यासह. यातली पहिली चार ठिकाणं आपल्या देशात आहेत आणि पाचवं नेपाळात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण म्हणजे आपण परदेशात चाललो आहोत, हे गाडीतल्या निम्म्या लोकांच्या ध्यानात सोनौलीचं फाटक दिसेपर्यंत येत नाही. आमच्याही आलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी आम्ही विहारातल्या पाच-सहा कार्यकर्त्यांनी मिळून एक्केचाळीस जणांची यात्रा नेली. गोरखपूरहून निघालो, दुपारी सोनौलीला पोचलो. त्या दिवशी सगळ्यांना गाडीतून उतरवून कागद बघत होते. आमच्यातल्या एका मावशींकडे आधार कार्ड होतं, पॅन कार्ड होतं, बँकेचं पासबुक होतं, रेशनकार्डाची झेरॉक्ससुद्धा होती. मतदान कार्ड नव्हतं आणि पासपोर्टचा प्रश्नच नव्हता. तपासणाऱ्याने नीट, सभ्यपणे सांगितलं की यावर पलीकडे जाता येणार नाही. मावशींचं वय अठ्ठावन्न. पासष्टच्या वर असत्या तर आधारवर जमलं असतं, हे ऐकल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "मग सात वर्षांनी येऊ का?" आमची एक ताई त्यांच्यासोबत सोनौलीच्या लॉजवर दोन दिवस थांबली. बाकीचे लुंबिनी बघून आले. मावशींनी या यात्रेसाठी महिला मंडळात वर्षभर भिशी भरली होती.

चूक आमची होती. नोंदणी अर्जावर आम्ही ‘ओळखपत्र’ असा एकच रकाना ठेवला होता आणि एक्केचाळीस जणांनी त्यात आधार क्रमांक लिहिला होता. आम्ही तो पाहून समाधानानं फाईल बंद केली होती.

नियम नेमका काय आहे

भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० चा मैत्री करार आहे. त्यामुळे भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही. व्हिसा लागत नाही याचा अर्थ कागद लागत नाही असा लोक घेतात, तिथेच घोटाळा होतो. पंधरा ते पासष्ट या वयातल्या भारतीयाला मुदतीतला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, या दोनपैकी एक हवं. आधार, पॅन, वाहन परवाना या वयोगटाला चालत नाही. पंधराच्या आतली मुलं आणि पासष्टच्या वरचे ज्येष्ठ यांना वय आणि ओळख दाखवणारं फोटोचं दुसरं ओळखपत्र चालतं, त्यात आधारही आलं. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेलं ओळखपत्र चालतं. ते परीक्षेच्या दिवसांत शाळेतून मिळवायला वेळ लागतो.

एक सवलत आणखी आहे. नवरा-बायको, लहान मुलं आणि आईवडील असं कुटुंब एकत्र असेल आणि त्यातल्या एका प्रौढाकडे पासपोर्ट किंवा मतदान कार्ड असेल, तर इतरांना नातं आणि ओळख दाखवणाऱ्या फोटोच्या कागदावर जाता येतं. आमच्या मावशी एकट्या आल्या होत्या. नवरा वारलेला, लेक सासरी. गाडीतल्या एक्केचाळीस जणांना त्या आपलं माणूस मानत होत्या, पण नियमाच्या भाषेत ते कुटुंब नव्हतं.

कुणी म्हणेल, आम्ही तर चालत गेलो, कुणी विचारलंच नाही. खरं आहे. कित्येक दिवस कुणी विचारत नाही. पण ज्या दिवशी विचारतील तो दिवस तुमच्या यात्रेचा असू शकतो, आणि फाटकावर उभं राहून मतदान कार्ड निघत नाही.

आपल्याच बायांकडे कागद का नसतात

समाजशास्त्र शिकताना आम्ही कागदपत्रांबद्दल बरंच वाचलं, पण विहारात टेबल मांडून बसलो तेव्हा ते कळलं. आपल्या वस्त्यांतल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या पुढच्या बायांचे कागद त्यांच्या आयुष्यासारखेच तुकड्यातुकड्यांत आहेत. माहेरच्या गावी शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव. लग्नानंतर रेशनकार्डावर नवऱ्याचं. एका कागदावर वत्सला, दुसऱ्यावर वत्सलाबाई, तिसऱ्यावर टंकलेखकाच्या कृपेनं वच्छला. कामासाठी गाव सोडून शहराच्या कडेला झोपडपट्टीत आल्या की जुन्या यादीतून नाव जातं आणि नव्या यादीत कुणी घालत नाही. जन्मतारखेचं तर विचारूच नका. मास्तरांनी शाळेत घालताना लिहिलेली १ जून ही तारीख निम्म्या वस्तीची आहे. एकाच घरात सासू, नवरा आणि दीर तिघांचा वाढदिवस १ जूनला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.

घरातल्या पुरुषाचं मतदान कार्ड पाकिटात असतं. बाईचं कार्ड पेटीत, कपाटाच्या तळाशी किंवा पुरात गेलेलं असतं. आधार मात्र सगळ्यांकडे असतं, कारण त्याशिवाय धान्य मिळत नाही. म्हणून ‘ओळखपत्र आहे का’ असं विचारलं की उत्तर ‘आहे’ असंच येतं. प्रश्न बदला. ‘मतदान कार्ड घेऊन या, मूळ कार्ड, झेरॉक्स नको, मोबाइलमधला फोटो नको’ असं सांगा आणि ते हातात घेऊन बघा. फोटो ओळखू येतो का, नाव आधारशी जुळतं का, प्लास्टिक सोलून अक्षरं गेलीत का.

हे काम निघण्याच्या किमान चार महिने आधी व्हायला हवं. फेब्रुवारीत यात्रा असेल तर वर्षावास संपता संपता, आश्विन पौर्णिमेच्या सुमारास विहारात एक रविवार कागद-तपासणीचा ठेवा. यादीत नावच नसेल तर फॉर्म ६. नावात दुरुस्ती, पत्ता बदल किंवा हरवलेल्या कार्डाऐवजी नवं हवं असेल तर फॉर्म ८. दोन्ही ऑनलाइन भरता येतात, नाहीतर वस्तीतल्या बीएलओकडे. बीएलओ बहुतेक वेळा अंगणवाडी सेविका किंवा शिक्षिका असते आणि आपल्या ओळखीचीच निघते. ज्या महिन्यात निवडणूक लागते त्या महिन्यात हे काम रेंगाळतं, हेही धरून चला.

पासपोर्ट काढता येत असेल तर काढाच. प्रौढांना छत्तीस पानी पासपोर्टची फी १५०० रुपये आहे आणि तो दहा वर्षं चालतो. साठच्या वरच्यांना नव्या अर्जावर दहा टक्के सूट आहे. आता बऱ्याच ठिकाणी पोस्टातही पासपोर्ट केंद्र आहे. उद्या अनुराधापूरला किंवा थायलंडला जायचं ठरलं तर तोच कामाला येतो, फक्त त्याची मुदत प्रवासाच्या तारखेनंतर सहा महिने तरी उरलेली हवी. दहावी न झालेल्या बायांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असू शकतं. ते पाहून घाबरू नका. ते ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे, यात्रेला आड येत नाही.

भन्तेजी परदेशी असतील तर

ही गोष्ट फार थोड्या आयोजकांना ठाऊक असते. नागपूर, पुण्यात शिकणारे म्यानमार, बांगलादेश, श्रीलंकेचे भिक्खू अनेकदा आपल्या यात्रेबरोबर असतात. त्यांना भारत-नेपाळ कराराची सवलत नाही. त्यांना स्वतःचा पासपोर्ट आणि नेपाळचा व्हिसा लागतो, आणि दोन्ही बाजूंच्या इमिग्रेशन कार्यालयात शिक्का घ्यावा लागतो. आपली गाडी त्या कार्यालयासमोरून न थांबता निघून जाऊ शकते, कारण आपल्याला तिथे काम नसतं. त्याहून मोठी अडचण परतीची. भन्तेजींचा भारताचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर लुंबिनीला जाऊन ते भारतात परत येऊ शकत नाहीत. निमंत्रण देण्याआधीच त्यांचा पासपोर्ट नम्रपणे मागून व्हिसाचं पान बघा. संकोच करू नका.

पाणी, थंडी आणि सिकलसेल

नोव्हेंबर १९५६ मध्ये, धम्मदीक्षेनंतर महिन्याभरात, प्रकृती खालावलेली असताना बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. सोबत माईसाहेब होत्या, त्या स्वतः डॉक्टर. आपल्या गाड्यांत डॉक्टर नसतो. बीपी-शुगरची औषधं मात्र प्रत्येक दुसऱ्या पिशवीत असतात, तीही चार दिवसांची, कारण ‘तिकडे घेऊ’. बारा दिवसांच्या यात्रेला पंधरा दिवसांची औषधं घ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव असू द्या, कंपनीचं नाव पलीकडे सापडेलच असं नाही.

विदर्भातून जाणाऱ्यांना आमचं वेगळं सांगणं आहे. सिकलसेल आपल्या समाजात आहे, लपवण्यासारखं त्यात काही नाही. ज्यांना हा आजार आहे त्यांना थंडी, थकवा आणि अंगातलं पाणी कमी होणं या तिन्ही गोष्टींनी वेदनेचा झटका येऊ शकतो, आणि यात्रेत या तिन्ही एकत्र भेटतात. जानेवारीत तराईत दाट धुकं असतं, गाड्या तासन् तास उभ्या राहतात, खिडकीतून गारठा येतो. वैशाखात, बुद्धपौर्णिमेला, तीच तराई भाजून काढते. म्हणून आम्ही आता फेब्रुवारीचा उत्तरार्ध धरतो.

बाया प्रवासात पाणी पीत नाहीत. तहान नसते म्हणून नव्हे, पुढे संडास कुठे मिळेल याची खात्री नसते म्हणून. पाण्याच्या बाटल्यांची पेटी गाडीत ठेवून हा प्रश्न सुटत नाही. दर दोन तासांनी गाडी कुठे थांबणार, हे चालकाशी आधीच ठरवा आणि सकाळी निघताना माईकवर सांगा. हे सुरू केल्यापासून आमच्या गाडीत चक्कर येण्याचं प्रमाण कमी झालं.

नोंदणी अर्जात आजाराचा रकाना ठेवा, पण तो सगळ्यांसमोर वाचू नका. महात्मा फुले जनआरोग्य योजना किंवा आयुष्मान कार्ड नेपाळात चालत नाही. बहुतेक नेहमीच्या आरोग्य विम्याचंही तसंच आहे, म्हणून सगळ्या गटाचा मिळून प्रवास विमा काढावा.

बाकीचं थोडक्यात

पैसे : नेपाळने डिसेंबर २०१८ मध्ये शंभरपेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. हे नियम मधूनमधून बदलतात, निघण्याच्या आठवड्यात ताजी स्थिती विचारा. शंभराच्या नोटा नेल्या तर प्रश्नच येत नाही, पण त्या बँकेतून पंधरा दिवस आधी जमवाव्या लागतात. शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये, हा दर ठरलेला आहे. कुणी दीडशे देत असेल तर पुढच्या दुकानात जा.

गाडी : महाराष्ट्र किंवा उत्तर प्रदेश पासिंगची गाडी पलीकडे नेताना नेपाळच्या सीमाशुल्क कार्यालयात दिवसांप्रमाणे पैसे भरून पावती घ्यावी लागते. तिकडे याला ‘भन्सार’ म्हणतात. एक दिवसाची पावती घेऊन दोन दिवस राहिलात तर दंड बसतो, म्हणून एक दिवस जास्तीचाच भरा.

फोन : भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सोनौलीच्या आधी सुरू करून घ्या. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे आहे. गाडीत एकाचा फोन नेपाळी वेळ दाखवतो, दुसऱ्याचा भारतीय, आणि पंधरा मिनिटांवरून भांडणं होतात. वेळ सांगताना कुठली ते सांगा.

सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत आंदोलन पेटलं, सरकार पडलं, विमानतळ बंद झाला आणि अनेक भारतीय अडकून पडले. असं रोज होत नाही. पण तेव्हापासून आम्ही सगळ्या प्रवाशांची नावं, कागदांच्या झेरॉक्स आणि घरचे नंबर यांची एक फाईल विहारात ठेवतो. ती कुणाकडे आहे, हे दोघांना माहीत असतं. काठमांडूतल्या भारतीय दूतावासाचा नंबर प्रत्येकाच्या ओळखपत्राच्या मागे चिकटवलेला असतो. पासपोर्ट हरवला तर परतीचं तातडीचं प्रमाणपत्र तिथूनच मिळतं, आणि लुंबिनीहून काठमांडू म्हणजे रस्त्यानं अख्खा दिवस.

लुंबिनीत पोचल्यावर चालावं लागतं. केन्झो टांगे या जपानी वास्तुविशारदाच्या १९७८ च्या आराखड्यानुसार हा परिसर तीन मैल लांब आणि एक मैल रुंद आहे. मायादेवी मंदिर आणि अशोकस्तंभ एका टोकाला, वेगवेगळ्या देशांचे विहार कालव्याच्या दोन्ही बाजूंना. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी ई-रिक्षाचे पैसे यात्रेच्या खर्चात आधीच धरा, नाहीतर ती माणसं संकोचानं फाटकाशीच बसून राहतात. मंदिराच्या आत फोटो काढू देत नाहीत.

मावशींचा फॉर्म ८ आम्ही परत आल्या आल्या भरला. दोन महिन्यांनी कार्ड आलं, त्यावर नाव बरोबर आणि नवऱ्याचं नाव चुकीचं. पुन्हा फॉर्म ८. दुसरं कार्ड जुलैत आलं. यंदाच्या कागद-तपासणीच्या टेबलावर त्या आमच्याबरोबर बसल्या होत्या, समोरच्या बाईनं आधार पुढे केलं की आमच्याआधी त्याच म्हणत होत्या, "हे नको, दुसरं काढ."