गाडी बसते एकीकडे, हवा जाते दुसरीकडे

रात्री नीट उभी केलेली एसयूव्ही सकाळी चारही बाजूंनी खाली बसलेली दिसली, की मालकाचा पहिला संशय कॉम्प्रेसरवर जातो. इंजिन सुरू केल्यावर गाडी उठते, पण रेंगाळत. खालून घरघर ऐकू येत राहते आणि मग डॅशबोर्डवर सस्पेन्शनचा दिवा लागतो. गॅरेजात नवा कॉम्प्रेसर बसतो, भलंमोठं बिल होतं आणि काही महिन्यांत गाडी पुन्हा खाली. कॉम्प्रेसर गेलेला असतो हे खरंच. पण तो का गेला, हे कुणी विचारलेलंच नसतं.

२००४ साली बाजारात आलेली लँड रोव्हर डिस्कव्हरी ३ हे या दुखण्याचं नमुनेदार उदाहरण. गाडीचं वजन अडीच टनांच्या आसपास, आणि ते पेलायला स्टीलच्या स्प्रिंगऐवजी जाड रबराचे, हवा भरलेले चार बेलो. हिशेब सोपा आहे. एका कोपऱ्यावर ६०० किलो भार आणि बेलोचं परिणामी क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर धरलं, तर दर चौरस सेंटिमीटरला ६ किलो दाब हवा. आपल्या टायरमधल्या दाबाच्या अडीचपट. बटण दाबलं की झडपा उघडतात, कॉम्प्रेसरने भरून ठेवलेल्या टाकीतली हवा बेलोत जाते आणि गाडी खडकाळ वाटेसाठी ५५ मिलिमीटर वर येते. चढण्या-उतरण्यासाठी ५० मिलिमीटर खालीही जाते.

हा सगळा खटाटोप नुसत्या उंचीसाठी नाही. स्टीलच्या स्प्रिंगचा ताठपणा ठरलेला असतो. रिकाम्या गाडीला ती कडक वाटते, भरलेल्या गाडीला मऊ, आणि मागे सामान लादलं की गाडीचं नाक वर. हवेच्या स्प्रिंगमध्ये भार वाढला की तीच उंची राखण्यासाठी आतला दाब वाढवला जातो, आणि दाबाबरोबर ताठपणाही जवळजवळ त्याच प्रमाणात वाढतो. त्यामुळे गाडी वरखाली डोलण्याची लय फारशी बदलत नाही. शिवनेरीच्या व्होल्वोत बसलेल्यांना हे ठाऊक आहे. बस अर्धी रिकामी असो की खचाखच भरलेली, हेलकावे साधारण सारखेच.

आता गंमत अशी, की गाडीला समपातळीत ठेवणारी ही हुशारीच दोष शोधताना आड येते. चारही चाकांजवळ उंची मोजणारे सेन्सर असतात. इंजिन बंद असलं तरी सस्पेन्शनचा कंप्युटर रात्रीतून अधूनमधून जागा होतो आणि उंची तपासतो. एक कोपरा खचलेला आढळला तर तो उचलायची सोय त्या वेळी नसते, कारण कॉम्प्रेसर चालू इंजिनावरच धावतो. मग कंप्युटर उरलेल्या तीन बेलोंतली हवा सोडून गाडी सरळ करतो. असं दोन-तीनदा झालं की सकाळी गाडी खाली, पण अगदी सरळ! गळती एका कोपऱ्यात, शिक्षा चौघांना.

त्यामुळे जाणता मेकॅनिक आधी एक रात्र मागून घेतो. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंना मोजून लिहून ठेवतो आणि सस्पेन्शनचा फ्यूज काढून घेतो. कंप्युटर झोपलेला, झडपा बंद, प्रत्येक बेलो आपापल्या हवेवर. सकाळी एकच कोपरा खाली आला तर दोष त्या बेलोत, त्याच्या नळीत किंवा झडपेत. दोन्ही पुढचे कोपरे एकत्र उतरले तर त्यांच्या झडपा एकत्र असलेल्या पुढच्या व्हॉल्व्ह ब्लॉककडे बघायचं. कुठलाच कोपरा हलला नाही, पण गाडी वर यायला वेळ लावते, तर गळती कॉम्प्रेसर आणि टाकीच्या दरम्यान असू शकते.

पुढची तपासणी साबणाच्या पाण्याने. घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघणारा सायकलचा पंक्चरवाला जे करतो, तेच इथे ब्रशने. दोन जागा विशेष नजरेखाली घ्यायच्या. नायलॉनची नळी जिथे जोडात घुसते तिथे फेस हळूहळू फुगत राहिला, तर बऱ्याचदा नळीचं टोक काही मिलिमीटर धारदार पात्याने काटकोनात कापून पुन्हा बसवल्यावर काम होतं. दुसरी जागा बेलोची घडी. तिथे रबर पिस्टनवर उलटं दुमडलेलं असतं, चालताना सतत उलगडतं-मिटतं, आणि बारीक भेगा तिथेच पडतात. नेहमीच्या उंचीवर त्या आत लपतात, म्हणून गाडी पूर्ण वर घेऊन मगच ब्रश फिरवायचा. मात्र चासीखाली भक्कम स्टँड लावल्याशिवाय आत डोकं घालू नये. बेलोतली हवा गेली, तर अडीच टनांचं धूड खाली यायला वेळ लागत नाही. नळी उघडण्याआधीही दाब पूर्ण सोडायला हवा.

कॉम्प्रेसर जातो तो गळती भरून काढायला जास्त पळावं लागल्यामुळे, हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं पाण्यात आहे. कोकणातल्या पावसाळ्यात ३० अंशांच्या दमट हवेत घनमीटरमागे ३० ग्रॅमपर्यंत बाष्प असतं. ती हवा दाबून दहाव्या हिश्श्याच्या जागेत कोंबली आणि पुन्हा तेवढ्याच तापमानाला आली, तर तिच्यात जेमतेम ३ ग्रॅम मावतं. बाकी २७ ग्रॅमचं पाणी होतं. ते शोषायला कॉम्प्रेसरच्या बाहेरच्या तोंडाशी ड्रायर असतो, त्यात पाणी पिणारे बारीक दाणे. गाडी खाली घेताना सुटणारी कोरडी हवा याच ड्रायरमधून उलटी बाहेर पडते आणि दाण्यांतलं पाणी सोबत नेते. गळक्या गाडीत हे चक्र तुटतं. दमट हवा ड्रायरमधून आत येत राहते, पण गळतीतून निघून जाणारी हवा त्या वाटेने परत फिरत नाही. दाणे तुडुंब भिजतात, पुढे झिजून त्यांची पांढरी भुकटी होते आणि ती झडपांत जाऊन बसते. पाणी आत पोचतं ते वेगळंच. तिकडे कॉम्प्रेसरच्या पिस्टनची सील तापून झिजते. मग सी१ए२० हा कोड येतो: टाकी भरताना दाब हवा तितक्या वेगाने वाढत नाही. मेकॅनिक कोड वाचतो आणि नवा कॉम्प्रेसर मागवतो.

२०२४ मध्ये रेंज रोव्हर पुण्यात तयार करण्याची घोषणा झाली. तीही हवेवरच चालते, म्हणजे हे ज्ञान यापुढे आपल्या गॅरेजांना लागणारच. कॉम्प्रेसर काढलाच आहे, तर ड्रायरचे दाणे आणि कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा रिले बदलून टाकावेत. रिलेचे संपर्क चिकटले तर कॉम्प्रेसर थांबायचं नावच घेत नाही आणि नवाकोराही जळतो. काही मालक वैतागून स्टीलच्या स्प्रिंग बसवतात. गाडी डांबरी रस्ता सोडणार नसेल तर त्यात वावगं नाही. पण एका जोडातल्या गळतीपायी अख्खी यंत्रणा फेकून देणं हे मला उधळपट्टीचं वाटतं.

सेन्सर किंवा बेलो बदलला असेल तर चारही कोपऱ्यांची खरी मापं कंप्युटरला नव्याने द्यावी लागतात. नाहीतर दुरुस्त झालेली गाडीही तिरकीच उभी राहते. त्यानंतर फ्यूज आणखी एक रात्र बाहेर ठेवावा, सकाळी पुन्हा टेप लावावी, आणि मगच बिल चुकतं करावं.