हवेतलं पाणी पिणारी रेघ

तारापूरजवळच्या सरावलीतल्या फ्लॅटांत बाथटब क्वचितच दिसेल, पण टबाच्या कडेला असते तीच रबरी पांढरी रेघ इथल्या वॉश बेसिनमागे आणि सिंकभोवती हमखास असते. काही पावसाळे गेले की तिच्यावर काळे ठिपके येतात, एखादी कड टाइलपासून सुटते आणि पाणी आत मुरू लागतं. मग प्लंबर जुनं सिलिकॉन ब्लेडने खरवडतो, गनमध्ये नवी नळी बसवून रेघ ओढतो आणि बाथरूमभर व्हिनेगरचा वास सुटतो.

तो वास खरोखरच व्हिनेगरमधल्या ॲसिडचा, म्हणजे ॲसिटिक ॲसिडचा असतो. नळीतल्या लगद्यात सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे अणू एकाआड एक गुंफलेल्या लांबलचक साखळ्या असतात. त्यांच्या टोकांवर ॲसिडचे तुकडे बसलेले असतात, आणि ते जागेवर आहेत तोवर टोकं एकमेकांना धरू शकत नाहीत. लगदा बाहेर आला की हवेतली वाफ या तुकड्यांना हुसकावून लावते. ते वास होऊन उडून जातात आणि मोकळी झालेली टोकं एकमेकांत अडकून जाळं विणतात. हे जाळं म्हणजेच रबर. म्हणजे ही रेघ वाळत नाही, पाणी पिऊन घट्ट होते! ज्या दमट हवेत आपले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तीच हवा हिला मानवते. मात्र वरची साय आधी धरते आणि आतवर वाफ पोचायला वेळ लागतो. दिवसाला साधारण 2-3 मिलिमीटर. ‘उद्यापर्यंत पाणी मारू नका’ असं प्लंबर बजावतो ते यासाठी.

यातलं सिलिकॉन मुळात वाळूतल्या क्वार्ट्झमधून येतं. त्यापासून असे पदार्थ स्वस्तात बनवायची वाट 1940 मध्ये अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ युजीन रोचाऊ यांनी शोधली. 1969 मध्ये चंद्रावर उतरलेल्या बुटांचे तळवेही सिलिकॉन रबरचेच होते.

जुन्या रेघेवरच नवी का ओढू नये? कारण पाण्याला झटकून टाकणारा हा पृष्ठभाग आपल्याच भावाला, ताज्या सिलिकॉनलाही चिकटू देत नाही. म्हणून खरवडण्याचं कंटाळवाणं काम टाळता येत नाही. काळी बुरशी मात्र सिलिकॉनवर पोसली जात नाही. तिला त्यावर साचलेला साबणाचा आणि अंगाच्या मळाचा थर पुरतो. टबाची तर आणखी एक गंमत आहे. पाण्याच्या वजनाने टब किंचित खाली बसतो आणि फट रुंदावते, म्हणून जाणकार आधी टब भरतात, मग रेघ ओढतात आणि ती घट्ट झाल्यावरच पाणी सोडतात.

ओट्याला कडप्पा किंवा संगमरवर असेल तर दुकानात ‘न्यूट्रल’, म्हणजे हे ॲसिड न सोडणारं सिलिकॉन मागून घ्या. हे दोन्ही दगड मुळात चुन्याचे; त्या व्हिनेगरी ॲसिडने त्यांची चकाकी कडेकडेने खाल्ली जाते.