एकशे पंचाण्णव सामन्यांचा राखणदार

२३ मार्च २०२३ रोजी लिस्बनमध्ये लिख्टेनस्टाइनविरुद्ध खेळताना क्रिस्तियानो रोनाल्डोने १९७वा आंतरराष्ट्रीय सामना पुरा केला आणि पुरुषांच्या फुटबॉलमधला सर्वाधिक सामन्यांचा विक्रम एकट्याच्या नावावर केला. तोवर कुवेतचा बदर अल-मुतव्वा १९६ सामन्यांसह त्याच्या बरोबरीला होता. अल-मुतव्वाने हा आकडा गाठला जून २०२२ मध्ये. त्याने मागे टाकलेला खेळाडू मात्र आपल्याकडच्या क्रीडापानांवर क्वचितच आला असेल. तो मलेशियाचा बचावपटू सो चिन आन. त्याचे सामने १९५.

सो याचा जन्म १९५० साली केडाह राज्यातल्या अलोर सेतार शहरात झाला. १९६९ मध्ये तो राष्ट्रीय संघात आला आणि १९८४ पर्यंत टिकला. मलाक्का आणि सेलांगोर या राज्यसंघांकडून तो मलेशिया चषकात खेळला. संघातले सहकारी त्याला ‘टाउके’, म्हणजे शेठ, म्हणत. पुढे कर्णधारपदही त्याच्याकडे आले. बचावफळीच्या मागे उभे राहून पुढच्यांच्या हातून निसटलेला चेंडू उचलायचा, हे त्याचे काम. अशा खेळाडूचा चांगला दिवस गुणफलकावर दिसत नाही. दिसते ती फक्त त्याची चूक.

मग पंधरा वर्षांत एवढे सामने झाले कसे? उत्तर त्या काळच्या आशियाई वेळापत्रकात आहे. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९५७ मध्ये, क्वालालंपूरला मर्डेका स्पर्धा सुरू झाली. पहिले पंतप्रधान टुंकू अब्दुल रहमान हे स्वतः फुटबॉलवेडे; आशियाई फुटबॉल महासंघाचे अध्यक्षपदही त्यांनी १९७७ पर्यंत सांभाळले. भारतानेही १९५९ आणि १९६४ मध्ये मर्डेकाचे उपविजेतेपद मिळवले होते. मग थायलंडचा किंग्ज कप आला, १९७१ पासून कोरियातली अध्यक्षीय स्पर्धा आली. दोन-तीन आठवड्यांत पाच-सहा सामने, कधी एका दिवसाआड. त्यात आशियाई क्रीडा, आग्नेय आशियाई क्रीडा आणि विश्वचषक पात्रता यांची भर. आपला सुनील छेत्री दोन दशके खेळून दीडशेच्या घरात पोचला, यावरून त्या वेळापत्रकाची कल्पना यावी.

याच स्पर्धांनी हिशेबाचा घोळही करून ठेवला. समोर कधी राष्ट्रीय संघ, कधी दुय्यम संघ, कधी एखादा क्लब. सगळेच सामने धरले तर आकडा अडीचशेच्या पुढे जातो आणि मलेशियन वृत्तपत्रांत तो तसा छापूनही येत असे. ऑलिम्पिकचे सामने धरायचे की नाही, हा वाद वेगळाच. सांख्यिकी तपासनिसांनी एकेक सामना चाळल्यावर १९५ ही संख्या हाती राहिली.

आकड्याबाहेरची कामगिरीही भक्कम आहे. १९७२ मध्ये मलेशिया प्रथमच ऑलिम्पिकच्या फुटबॉल मैदानात उतरला. म्युनिकला यजमान पश्चिम जर्मनीकडून ०-३ आणि मोरोक्कोकडून ०-६ असा पराभव झाला. अमेरिकेला मात्र मलेशियाने ३-० असे हरवले. त्या जर्मन संघात उली होनेस होता, पुढे प्रशिक्षक म्हणून गाजलेला ओटमार हिट्झफेल्डही होता. १९७४ च्या तेहरान आशियाई क्रीडा स्पर्धेत मलेशियाने उत्तर कोरियाला २-१ ने नमवून कांस्यपदक घेतले. १९७७ आणि १९७९ मध्ये आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धेतली सुवर्णे आली. तोवर एक संघ घडला होता. गोलजाळ्यात ‘स्पायडरमॅन’ आर. आरुमुगम, बचावाच्या मधोमध सो आणि संतोख सिंग, पुढे मोख्तार दाहारी. मलय, चिनी, तमिळ आणि पंजाबी घरांतली ही मुले एकाच संघात खेळत होती. १३ मे १९६९ च्या वांशिक दंगलींनी पोळलेल्या देशात याचे मोल मोठे होते.

६ एप्रिल १९८० ला मर्डेका स्टेडियमवर दक्षिण कोरियाविरुद्ध मॉस्को ऑलिम्पिकच्या पात्रतेचा निर्णायक सामना झाला. गुणफलक १-१ असताना हसन सानीने दिलेल्या चेंडूवर जेम्स वाँगने गोल केला. दोघेही साबाहचे. मलेशिया २-१ ने जिंकला, मॉस्कोचे दार उघडले.

आणि लगेच बंदही झाले. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या होत्या. अमेरिकेच्या हाकेला ओ देत मलेशियन सरकारने बहिष्कार टाकला. मलेशियाची जागा इराकला मिळाली. भारत मॉस्कोला गेला आणि हॉकीचे सुवर्ण घेऊन आला. सो तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होता. पुढचे ऑलिम्पिक येईपर्यंत त्याची कारकीर्द संपत आली होती. या संघावर २०१६ मध्ये ‘ओला बोला’ हा चित्रपट निघाला. त्यातली नावे काल्पनिक असली तरी टाउके या कर्णधारामागे सो याचीच कारकीर्द आहे.

आज व्यावसायिक खेळाडूच्या दिमतीला क्लब, फिजिओ आणि विमा असतो. सो याच्या काळात यातले फारसे काही नव्हते. मलेशियात अर्धव्यावसायिक लीगच १९८९ मध्ये सुरू झाली, पूर्ण व्यावसायिक लीग १९९४ मध्ये. तोवर खेळाडू बहुधा नोकरी सांभाळून राज्यसंघात खेळत. गुडघा गेला की कारकीर्द आटोपली, असा तो जमाना. म्हणून १९५ कडे पाहताना भरगच्च वेळापत्रकाला श्रेय द्यावे, पण पंधरा वर्षे बचावाची जागा न सोडणाऱ्या शरीराला आणि शिस्तीला अधिक द्यावे. रोनाल्डोचा आकडा निर्विवाद मोठा आहे. पण व्यावसायिक लीगच नसलेल्या देशातल्या एका बचावपटूने १९५ पर्यंत मजल मारावी, ही कामगिरी माझ्या मते अधिक कठीण. त्याच्या संघाने १९८० मध्ये मिळवलेली ऑलिम्पिक पात्रता मलेशियाच्या पुरुष फुटबॉल संघाला त्यानंतर पुन्हा मिळवता आलेली नाही.