समजून घ्या : चारठाण्याची मंदिरं आणि मार्क्सवादी इतिहास

जिंतूर तालुक्यातील चारठाणा यादवकालीन मंदिरांसाठी ओळखलं जातं. मंदिर कोणत्या राजाच्या काळातलं, हे आपण विचारतो. पण दगड घडवणाऱ्यांना धान्य कोण पुरवत होतं?

हा प्रश्न कुणाचा?
अशा प्रश्नांची सवय लावली दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७-१९६६) यांनी. गोव्यात जन्मलेल्या या गणितज्ञाने १९५६ मधील भारतीय इतिहासावरील ग्रंथात मार्क्सची पद्धत वापरून राजवंशांऐवजी नांगर, जमीन आणि श्रम केंद्रस्थानी आणले.

पुढे काय झालं?
धुळ्याचे शरद पाटील यांनी सांगितलं, भारतात केवळ वर्ग पाहून भागत नाही, जातही पाहावी लागते. मार्क्सला फुले-आंबेडकरांची जोड देत त्यांनी १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापला.

आपल्याला काय?
गावच्या इतिहासात राजाचं नाव टिकतं, पाथरवटाचं आणि कुणब्याचं नाही. ते शोधायची सुरुवात याच प्रश्नांपासून होते.