एका फिकट रेषेसाठी

दुपारी ४. बंगळुरूजवळच्या होसकोटेला नियंत्रण कक्षात येते. दुर्बीण इथं नाही. ती लडाखमध्ये हानलेला, साडेचार हजार मीटर उंचीवर आहे. दोन मीटर व्यासाची ही हिमालयन चंद्र दुर्बीण इथून उपग्रहामार्फत चालवायची. मे महिना आहे, म्हणजे शौरी तारकासमूहातला एम-१३ रात्रभर हाताशी. या गोलाकार तारकागुच्छातले बाराव्या प्रतीच्या आसपासचे लाल राक्षसी तारे निवडते, तेही कडेचे. मध्यभागी इतकी दाटी असते की शेजारच्या ताऱ्याचा उजेड वर्णपटमापकाकडे प्रकाश नेणाऱ्या फायबरमध्ये शिरतो.

सायंकाळी ७. थोरियम-आर्गॉन दिव्याचा वर्णपट घेते. तरंगलांबीची मोजपट्टी तीच.

रात्री १०. पहिला तारा. पाऊण तासाचं एक एक्स्पोजर, मग दुसरं, मग तिसरं. एवढा वेळ लागतो तो ऑक्सिजनच्या ६३०० अँगस्ट्रॉमच्या रेषेपायी. ती मुळातच फिकट. त्यात आपल्या वातावरणाच्या वरच्या थरातला ऑक्सिजन नेमका त्याच तरंगलांबीला उजळतो. एम-१३ सेकंदाला सुमारे २४५ किलोमीटर वेगानं आपल्याकडे येतोय, त्यामुळे ताऱ्याची रेषा पाचएक अँगस्ट्रॉम निळ्या बाजूला सरकते आणि त्या उजेडातून सुटते. सुटते ती थेट हवेतल्या ऑक्सिजन रेणूंच्या शोषणरेषांच्या गर्दीत.

मध्यरात्रीनंतर १. गुच्छ डोक्यावर आलाय. मधेच एक उष्ण, वेगानं फिरणारा तारा घेते. त्याच्या स्वतःच्या रेषा पसरट होऊन जातात, उरतात त्या फक्त आपल्या हवेच्या. त्यानं भागलं की एम-१३च्या ताऱ्याची रेषा मोकळी होते. हे काम मी कधीच टाळत नाही; इथं घाई केली तर ताऱ्याच्या नावावर पृथ्वीचा ऑक्सिजन जमा होतो.

पहाटे ४. उजाडायला लागलं. दिवा पुन्हा एकदा, मग झोप.

दुपारी १. वर्णपट स्वच्छ करून रेषांची रुंदी मोजते. सोडियमच्या ५६८२ आणि ५६८८च्या रेषा ठसठशीत आहेत, ऑक्सिजनची जेमतेम. एकाच गुच्छात, लोह जवळपास सारखंच असताना, ऑक्सिजन घटला की सोडियम वाढलेलं. क्राफ्ट आणि स्नीडन यांच्या गटानं १९९०च्या दशकात याच गुच्छात हे मोजलं होतं. निऑनचं सोडियम व्हायला कोट्यवधी अंशांचं तापमान लागतं. राक्षसी तारे ते स्वतःच्या पोटात करतात, असं म्हणायला एके काळी जागा होती. २००१ मध्ये एनजीसी ६७५२ या गुच्छातल्या, अजून राक्षसी न झालेल्या ताऱ्यांतही हीच जोडी सापडली. त्यांचं अंतरंग तेवढं तापत नाही. म्हणजे हा माल आधीच्या, जड ताऱ्यांनी शिजवून वायूत मिसळला असणार. नेमक्या कोणत्या, यावर अजून वाद आहे, आणि मला तोच सोडवायचा आहे.

दुपारी ४. आज यादीत वरचा तारा बदलते: कालच्याइतकाच तेजस्वी आणि त्याच रंगाचा. तापमान सारखं असलं की दोन वर्णपट शेजारी ठेवून फरक थेट रेषांतच वाचता येतो.