डोंगरावरून हरीण उतरवताना

हरणाची शिकार म्हटलं की आपल्याला बंदूक आठवते, नेम आठवतो, फार तर जुन्या वाड्यातल्या भिंतीवर टांगलेली शिंगं आठवतात. गोळी लागल्यानंतर पुढे काय, हे सहसा कुणी सांगत नाही. जनावर शंभर किलोंचं, जागा रस्त्यापासून दोन-अडीच तासांच्या चालीवर, वर पाऊस, खाली चिखल, आणि ते मांस माणसांनी खायचं आहे. मग ते स्वच्छ राखून खाली आणायचं कसं? आज मी तेवढंच सांगणार आहे.

आधी एक खुलासा. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. मी सांगतो आहे ते स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातलं. तिथले लांडगे माणसाने सुमारे तीनशे वर्षांपूर्वी संपवले. हरणांना खाणारं कुणी उरलं नाही. आज सगळ्या जातींची मिळून दहा लाखांच्या आसपास हरणं तिथे असावीत, असा अंदाज आहे. ती कोवळी रोपं खाऊन टाकतात, नवं रान उभं राहू देत नाहीत आणि कडक हिवाळ्यात स्वतःही उपासमारीने मरतात. म्हणून दरवर्षी ठरावीक संख्येने हरणं मारली जातात आणि त्यांचं मांस रीतसर तपासून बाजारात जातं.

मी पेशाने पशुवैद्य. पुढच्या शिक्षणासाठी तिकडे गेलो होतो. १९९८च्या ऑक्टोबरात दोन आठवडे इन्व्हर्नेसच्या पश्चिमेला एका इस्टेटीवर राहिलो. हरणांची गणती, देखरेख आणि शिकार पाहणाऱ्या माणसाला तिथे ‘स्टॉकर’ म्हणतात. आमचा स्टॉकर साठीला आलेला, कमी बोलणारा गृहस्थ. मला तो ‘डॉक्टर’ म्हणे, पण त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने एक नर टिपला. तांबडं हरीण, आपल्या सांबराचा चुलतभाऊ म्हणा ना. गोळी छातीत, काळजाच्या जागी. स्वच्छतेची सुरुवात इथूनच होते. गोळी पोटात लागली, तर आतली सगळी घाण मांसात पसरते आणि जनावरही हाल होऊन मरतं. जवळ गेल्यावर त्याने काठीच्या टोकाने डोळ्याला हलकेच स्पर्श केला. पापणी हलली नाही. मग मानेच्या बुडाशी सुरी घालून, डोकं उताराकडे करून रक्त वाहू दिलं.

यानंतर जे करतात त्याला तिथे ‘ग्रॅलक’ म्हणतात. शब्द मुळात गेलिक भाषेतला, अर्थ आतडी. हरीण रवंथ करणारं जनावर. गाईसारखंच त्याचं पोट चार कप्प्यांचं. पहिला मोठा कप्पा, ज्याला आपण कोटीपोट म्हणतो, अर्धवट कुजलेल्या गवताने भरलेला असतो. जनावर मेलं तरी त्यातले जंतू मरत नाहीत. त्यांचं काम चालूच राहतं, वायू साठतो, पोट नगाऱ्यासारखं फुगतं. शिवाय जिवंतपणी अंगाची उष्णता अडतीस-एकोणचाळीस अंश, आणि वर केसाळ कातड्याची घोंगडी. आत सगळं शिजत राहतं म्हटलं तरी चालेल. म्हणून पोट आणि आतडी जागेवरच, लवकरात लवकर काढावी लागतात.

मानेतली अन्ननलिका आधी श्वासनलिकेपासून सुटी करून तिला गाठ मारतात, म्हणजे गवताचा चोथा उलटा बाहेर येत नाही. मागच्या बाजूला गुदद्वाराजवळचं आतडंही दोरीने बांधतात. मग पोटाची चिरफळी. डाव्या हाताची दोन बोटं आत घालून कातडं वर उचलायचं आणि त्या दोन बोटांच्या बेचक्यातून सुरी पुढे न्यायची, धार वरच्या बाजूला. चीर शक्य तितकी लहान ठेवायची, कारण पुढे हे जनावर ओढत न्यायचं असतं आणि मोठ्या चिरेतून चिखल आत जातो. बाहेर काढलेल्या आतड्यांतल्या गाठी, प्लीहा वगैरे नजरेखालून घालायचे. क्षयासारखा रोग दिसला तर तिथेच दिसतो. काळीज, फुफ्फुसं, यकृत मात्र तपासणीसाठी जनावराबरोबरच खाली न्यायचं. एक गोष्ट हरणाच्या बाजूने असते, त्याला पित्ताशय नसतं. कोंबडी साफ करताना पित्त फुटलं तर कालवण कडू होतं, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. इथे ती भीती नाही.

हे सगळं मला पाठ होतं. त्यामुळे ‘पोट मी काढतो’ असं मीच म्हणालो. खालच्या दरीत तट्टू घेऊन थांबलेल्या मुलाला कळवायचं होतं. पूर्वी त्यासाठी डोंगरावर झुडपं पेटवून धूर करत, आता वायरलेस आहे. पण आम्ही होतो त्या खळग्यातून तो लागत नव्हता. म्हणून स्टॉकर वर खिंडीत गेला. मी सुरी चालवली आणि सुरीचं टोक कोटीपोटाला लागलं. भोक बोटाएवढंच, पण हिरवा चोथा फसकन बाहेर आला.

मी काय केलं असेल? आपण कुणीही करू तेच. शेजारी ओढा खळखळत होता, पाणी काचेसारखं. जेवणाचा डबा भरून आणला आणि आत ओतला, दोनदा. पोकळी कशी लख्ख दिसायला लागली! मी खूश.

स्टॉकर परत आला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, “किती ओतलंस?”

मी सांगितलं.

“एका कोपऱ्यातली घाण होती, डॉक्टर. ती तू घरभर केलीस.”

तो रागावला नाही, पण बराच वेळ काही बोललाही नाही. त्याचं म्हणणं असं. चोथा जिथे सांडला तिथलं मांस कोरड्या कागदाने टिपायचं आणि स्वच्छ सुरीने पातळ पापुद्रा कापून फेकायचा. पाणी घातलं की तेच जंतू फासळ्यांच्या फटींत, पाठीच्या कण्याखालच्या मऊ मांसावर, सगळीकडे पोचतात. ओढ्याचं पाणी डोळ्यांना काच दिसलं तरी वरच्या अंगाला मेंढ्या चरत असतात. आणि मांस कोरडं राहिलं तर थंड वाऱ्यात त्याच्यावर सायीसारखा पातळ थर धरतो, त्यावर जंतूंना थारा मिळत नाही. ओल्या मांसावर तो धरतच नाही. खाटकाकडून आणलेलं मटण आधी नळाखाली धरणाऱ्या घरात वाढलेला मी. हे पचायला वेळ लागला.

ओढण्यातही शास्त्र आहे. शिंगांना दोर बांधून डोकं पुढे ठेवूनच ओढायचं, कारण केसांची लव मागे वळलेली असते. ओल्या झुडपांवरून जनावर घसरत येतं. पाय धरून ओढलंत तर प्रत्येक केस आडवा येतो आणि सोबत काडी-कचरा उचलतो. तिथे ‘पीट’ म्हणून काळी, स्पंजासारखी पाणथळ माती असते. तिच्यातून गेलं की काळं पाणी पोटात शिरलंच. त्यामुळे आम्ही दोनशे पावलांच्या अंतरासाठी पाचशे पावलांचा वळसा घेतला.

मग तट्टू आलं. हायलंड जातीचं, बुटकं, रुंद छातीचं, पावसात शांतपणे उभं राहणारं. अशा तट्टांना लहानपणापासून रक्ताच्या वासाची सवय करावी लागते, नाहीतर पाठीवर मेलेलं जनावर घ्यायला घोडा कसा तयार होईल? खोगीर खास या कामासाठी केलेलं, जाड चामड्याचं, पोटाखाली दोन तंग, पुढे छातीपट्टा, मागे दुमची आणि बांधायला कितीतरी वाद्या. हरणाचं वजन पोट काढल्यावरही सत्तर ते शंभर किलो भरतं. ते उचलायचं कसं, याचं उत्तर डोंगरच देतो. तट्टू उताराच्या खालच्या अंगाला उभं करायचं आणि हरीण वरच्या उंचवट्यावरून सरकवायचं. भार दोन्ही बाजूंना सारखा हवा, नाहीतर अर्ध्या वाटेत खोगीर फिरतं. मान मागे वळवून डोकं घट्ट बांधायचं. शिंगाचं टोक एकदा जरी बरगडीत टोचलं, तरी ते तट्टू पुढच्या वेळी हरणाजवळ उभं राहत नाही.

आता बहुतेक इस्टेटींवर हे काम आठ चाकांची छोटी गाडी करते. ती वेगवान आहे, पावसाळी संध्याकाळी मीही तीच निवडेन. पण तिची चाकं पीटमध्ये चर पाडतात. काही ठिकाणी तट्टं टिकून आहेत ती नुसत्या हौसेपोटी नव्हेत.

अंधार पडायच्या सुमाराला आम्ही लार्डरवर पोचलो. लार्डर म्हणजे हरणं टांगायची थंड खोली, धुवायला सोपी फरशी, माश्या आत येऊ नयेत म्हणून जाळ्या. स्टॉकरने आधी तट्टाचं ओझं उतरवलं, तंग सैल केले, पाठ पुसली, आणि मग हरणाकडे वळला. छातीची पोकळी काठीने फाकवून ठेवली, म्हणजे आत वारा खेळतो. मोठ्या जनावराचं मांस आतपर्यंत सात अंशांच्या खाली उतरावं लागतं, असा तिथला नियम आहे. मग त्याने दिव्याच्या उजेडात, मी जिथे जिथे पाणी घातलं होतं तिथलं मांस कापायला घेतलं. कण्याखालच्या दोन्ही मऊ पट्ट्या, म्हणजे त्या जनावरातला सगळ्यात चांगला भाग, आणि दोन्ही बाजूंचं पोटाकडचं मांस. बादली अर्धी भरली.

मी म्हणालो, “एवढं सगळं?”

“तू खाशील?” त्याने विचारलं. मी गप्प बसलो.

भिंतीवर एक वही टांगलेली होती. तारीख, जागा, वजन, शेरा असे रकाने. एरवी ती तोच भरायचा. त्या रात्री त्याने पेन्सिल माझ्या हातात दिली. वजन मी त्या बादलीआधीचं लिहू की नंतरचं, हे विचारलं. “नंतरचं,” तो म्हणाला, “आणि फरक शेऱ्यात.”