रूप पालटण्याची किंमत

तेराव्या-चौदाव्या वर्षी आवाज फुटतो, परवा घेतलेला शर्ट तोकडा होतो, आरशातला चेहरा रोज थोडा परका वाटतो. या वयाच्या वाचकांना रूप बदलणाऱ्या माणसांच्या गोष्टी इतक्या का भावतात, हे वेगळं सांगायला नको. त्यांचं स्वतःचंच रूप बदलत असतं, आणि तेही त्यांना न विचारता.

जगभरच्या कुमार कादंबऱ्यांनी ही नस पकडली आहे. के. ए. ॲपलगेट यांची 'ॲनिमॉर्फ्स' ही मालिका 1996 ते 2001 या काळात 54 पुस्तकांपर्यंत गेली. तिच्यातली मुलं प्राण्याला स्पर्श करून त्याचं रूप घेऊ शकतात, पण दोन तासांपेक्षा जास्त वेळ त्या रूपात राहिलं की परतीची वाट बंद होते. टोबायस हा मुलगा असाच एका शिकारी पक्ष्याच्या देहात अडकतो. 1999च्या हॅरी पॉटरच्या तिसऱ्या भागात पौर्णिमेला लांडगा होणाऱ्या मित्राला एकटं पडू द्यायचं नाही म्हणून त्याचे तिघे सोबती चोरून प्राण्यांची रूपं घ्यायला शिकतात. जादू कोणालाही लिहिता येते. वाचकाला धरून ठेवतो तो जादूचा नियम, आणि नियम मोडल्यावर मोजावी लागणारी किंमत.

मराठीत कुमारांसाठी साहसकथा आणि विज्ञानकथा आहेत. रूपपालटाची कादंबरी मात्र शोधावी लागते. तिच्यासाठी लागणारं धान्य आमच्या बीदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात कणगी भरून आहे, हे मला मनापासून सांगायचं आहे.

बीदर शहराला लागूनच नरसिंह झरणीचं देऊळ आहे. डोंगर खोदून केलेल्या भुयारात छातीपर्यंत पाणी. भाविक त्या पाण्यातून चालत आत जातात, लहान पोरं बापाच्या खांद्यावर, वर छताला वटवाघळं लटकलेली. टोकाला नरसिंह. अर्धा माणूस, अर्धा सिंह असलेला देव आपल्याला इतका सवयीचा झाला आहे की त्याच्या रूपाचं नवल वाटत नाही. पण इथल्या कथेतला असुर पाहा. नरसिंहाने त्याला मारलं, मरताना त्याने देवाला याच गुहेत राहण्याची विनंती केली आणि स्वतः पाणी होऊन देवाच्या पायाशी वाहू लागला. म्हणजे दर्शनाला जाणारा प्रत्येक जण त्या असुराच्या देहातूनच चालत जातो. इतकी जबरदस्त कल्पना फार थोड्या कादंबऱ्यांना सुचली असेल.

नियमाचा धडा घ्यायचा तर कन्नड लोककथेकडे जावं. ए. के. रामानुजन यांनी कर्नाटकातून जमवलेल्या कथांत एका गरीब घरच्या धाकट्या मुलीची गोष्ट आहे. बहिणीने अंगावर एक घागर पाणी ओतलं की ती फुलांनी लगडलेलं झाड होते, दुसरी घागर ओतली की पुन्हा माणूस. पाण्याला नख लागता कामा नये, फुलं हलक्या हाताने तोडायची, पान-फांदी मोडायची नाही. पुढे तिचं लग्न राजपुत्राशी होतं. नणंद आणि तिच्या मैत्रिणी हट्टाने तिला बागेत झाड व्हायला लावतात, फुलांसाठी फांद्या ओरबाडतात आणि पाणी कसंबसं शिंपडून निघून जातात. मुलगी धड माणूस होत नाही आणि धड झाडही राहत नाही; हातपाय नसलेला एक जिवंत ओंडका उरतो. शेवटी नवरा मोडक्या फांद्या जागच्या जागी बसवून पाणी ओततो तेव्हा ती परत येते. गिरीश कर्नाड यांनी 1992मध्ये यावर 'चेलुवी' हा हिंदी चित्रपट केला, त्यातली मुलगी आपली सोनाली कुलकर्णी. वयात येणाऱ्या मुलीच्या देहाबद्दल, तिला हाताळणाऱ्या हातांबद्दल इतकं स्पष्ट बोलणारी गोष्ट बायकांनी एकमेकींना पिढ्यान्‌पिढ्या सांगितली.

आता बीदरच्या दरबाराकडे येऊ, कारण आपली सर्वांत मोठी रूपपालटाची कथा तिथेच घडते. बहमनींनी पंधराव्या शतकात गुलबर्ग्याहून राजधानी बीदरला आणली. मंगळवेढ्याचे दामाजीपंत हे या राज्याचे अंमलदार. परंपरा ज्याला 'दामाजीपंतांचा दुष्काळ' म्हणते, तो 1460च्या सुमाराचा मानतात. माणसं अन्नान्न करून मरताना पाहून पंतांनी सरकारी कोठारं फोडून धान्य वाटलं. बादशहाने त्यांना धरून आणण्याचा हुकूम सोडला. पंत वाटेत असतानाच एक महार दरबारात हजर झाला: खांद्यावर घोंगडी, हातात काठी, नाव विठू. त्याने धान्याचं मोल बादशहापुढे ओतलं, पावती घेतली आणि निघून गेला. पंतांना ती पावती आपल्या पोथीत सापडली, तेव्हा पैसे भरणारा कोण होता हे त्यांना उमगलं. महिपतींनी 1762च्या 'भक्तविजया'त ही कथा घेतली आणि कीर्तनांतून ती घरोघर पोहोचली.

लहानपणी ऐकताना डोळे भरून येतात, अजूनही येतात. पण ज्या मुलांना नियम आणि किंमत यांची चव लागली आहे, ती इथे अडणार, आणि त्यांनी अडावंच. देवाने महाराचं रूप घेतलं, काम झालं, रूप सोडलं. त्याला काही मोजावं लागलं नाही. याच मंगळवेढ्यात त्याआधी शंभरएक वर्षं चोखोबा गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून गेले होते. त्यांना एका दिवसापुरतंही दुसरं रूप मिळालं नाही. देवळाच्या आत जाता येईल असं रूप तर नाहीच. वरच्याला खालचं रूप घेता येतं, खालच्याला वरचं घेता येत नाही, हा या कथाविश्वाचा न बोललेला नियम आहे. मल्हारी मार्तंडही बाणाईसाठी धनगराच्या घरी म्हातारा गडी होऊन राबतो आणि मग पुन्हा देव होतो.

उलट दिशेची गोष्ट याच बीदरच्या दरबारात आहे, ती फारशी सांगितली जात नाही. महार समाजाच्या परंपरेत अमृतनाक नावाचा वीर आहे. बादशहाची बेगम पळवली गेली, तिला सोडवून आणायला अमृतनाक निघाला. निघताना त्याने एक बंद पेटी बादशहाकडे ठेवायला दिली. बेगमेला घेऊन तो परतला तेव्हा व्हायचं तेच झालं, लोकांनी तिच्याबरोबरच्या प्रवासावरून संशय घेतला. पेटी उघडली. संशयाला जागाच राहू नये म्हणून त्याने आधीच स्वतःच्या देहावर घाव घालून पुरुषत्व कापून पेटीत ठेवलं होतं. बादशहा म्हणाला, माग काय हवं ते. त्याने स्वतःसाठी काही मागितलं नाही, जातीसाठी बावन्न हक्क मागितले.

दोघेही दरबारात एकच गोष्ट घेऊन येतात: दुसऱ्याला वाचवण्यासाठी बदललेला देह. विठूचा देह सकाळी पूर्ववत होतो, अमृतनाकाचा कधीच होत नाही. मराठीतल्या कुमार कादंबरीने यांतला अमृतनाक निवडावा असं माझं मत आहे. काळजी घेऊन लिहिली तर पंधरा वर्षांचा वाचक ही गोष्ट पेलतो.

कादंबरीला पुढचा भागही फुकट मिळेल. त्या बावन्न हक्कांचं पुढे काय झालं, हे इतिहासात आहे. हक्कांबरोबर वतन आलं आणि वतनाबरोबर रात्रंदिवस राबणं: निरोप पोहोचवा, मेलेली जनावरं ओढा, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे पळा. मानाची गोष्ट काही पिढ्यांत गळ्यातलं लोढणं झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं, तेव्हा त्याला पाठिंबा जमवायला त्यांना स्वतःच्याच माणसांची समजूत घालावी लागली, कारण वतन सोडायचं म्हणजे हातातला तुकडाही सोडायचा. वतन कायद्याने गेलं ते त्यानंतर तीस वर्षांनी.

दरबाराची जागा अजून पाहता येते. बीदरच्या किल्ल्यात दिवाण-ए-आमचे अवशेष आहेत. भालकी, औराद, बसवकल्याणच्या मराठी शाळांतली मुलं सहलीला किल्ल्यात येतात, तोफेवर बसून फोटो काढतात, बहमनी वजीर महमूद गावान याचं नाव शहरातल्या त्याच्या मदरशाच्या पाटीवर वाचतात. विठू आणि अमृतनाक कथेत ज्या दरबारात उभे राहिले तो याच किल्ल्यातला, हे त्यांना तिथे कोणीतरी सांगायला हवं. लिहिणारा पोरगा किंवा पोरगी त्याच सहलीत असण्याची शक्यता मला पुण्या-मुंबईपेक्षा जास्त वाटते. घरात मराठी, बाजारात कन्नड, शेजारी दखनी, अशा तीन भाषांत ती मुलं वाढतात. झाड होणारी मुलगी त्यांना कन्नडमधून मिळते, पेटी ठेवून जाणारा अमृतनाक मराठीतून, आणि या दोघांना एका पुस्तकात आणताना त्या मुलांना भाषांतर करावं लागणार नाही.